पीसीव्ही ४५च्या खाली

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आमच्या घरात सर्वांत आधी पीसीव्हीचा आकडा पाहिला जातो. एकूण रक्तापैकी किती टक्के भाग तांबड्या पेशींनी व्यापला आहे, हे हा आकडा सांगतो. काही लॅब त्यालाच हिमॅटोक्रिट या नावाने छापतात. निरोगी पुरुषात तो साधारणपणे ४० ते ५०च्या दरम्यान असतो, स्त्रियांमध्ये त्याहून थोडा कमी. आबांचा आजार लक्षात आला त्या वेळी तो ५९ होता आणि हिमोग्लोबिन १९च्या पुढे गेले होते. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात ही बातमी पसरली तेव्हा भेटायला आलेल्या बहुतेकांनी आबांचे कौतुकच केले. ते स्वाभाविक होते. ज्या भागात गरोदर बायकांचे हिमोग्लोबिन आठ-नऊच्या वर जावे म्हणून घरोघरी धडपड चालते, तिथे १९ हा आकडा ऐकून कोणालाही आनंदच होणार. रक्त गरजेपेक्षा जास्त असणे हासुद्धा आजार असू शकतो आणि त्यावरचा पहिला उपचार ते काढून टाकणे हाच असतो, ही गोष्ट सहजासहजी पटत नाही. ती घरातल्या प्रत्येकाला पटली नाही, तर एका हाताने चाललेला उपचार दुसऱ्या हाताने कसा पुसला जातो, हे मी जवळून पाहिले आहे आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

या आजाराचे नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. पॅरिसमधले डॉक्टर लुई आंरी व्हाकेज यांनी १८९२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि १९०३ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी तो स्वतंत्र आजार असल्याचे ठामपणे मांडले. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. किती तांबड्या पेशी बनवायच्या याचा हुकूम मूत्रपिंडातून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिन नावाच्या संप्रेरकाकडून मिळतो. या आजारात मज्जेतल्या एका मूळपेशीच्या जेएके-२ नावाच्या जनुकात बदल होतो आणि तिच्या वंशातल्या पेशी हुकमाची वाट न पाहता वाढत राहतात. हा बदल २००५ मध्ये पॅरिस, केंब्रिज, बाझल आणि बोस्टन इथल्या वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढला. पॉलिसायथेमिया व्हेराच्या शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक रुग्णांत तो सापडतो, त्यामुळे आज निदानासाठी सीबीसीनंतर, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीनंतर, जेएके-२ची तपासणी आणि रक्तातले एरिथ्रोपोएटिन या दोन चाचण्या महत्त्वाच्या ठरतात. मज्जा आपल्या मनाने चाललेली असल्यामुळे एरिथ्रोपोएटिन कमी आढळते. हा बदल आयुष्यात पुढे केव्हातरी घडलेला असतो, जन्मतः आलेला नसतो. तेव्हा वडिलांना आहे म्हणून मुलांना होणारच, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. वर्गीकरणात हा आजार रक्ताच्या कर्करोगांमध्ये मोडतो. हा शब्द ऐकून आईच्या हातापायांतले बळ गेले होते, पण हा संथ चालीचा आजार आहे आणि नीट उपचार घेणारे रुग्ण कित्येक वर्षे, काही जण दशकेही, आपापली कामे करत जगतात. त्यांना खरा धोका असतो तो रक्ताची गुठळी होण्याचा.

आबांची लक्षणे मागे वळून पाहिली तर स्पष्ट होती. अंघोळ करून आले की अर्धा तास अंगाला विलक्षण खाज सुटायची. पुरळ नाही, लाली नाही, नुसती खाज. साबण बदलून झाले, पाणी उकळून झाले, कडुनिंबाचा पाला घालून झाला. चेहरा तांबूस आणि डोळे लाल दिसायचे. सकाळी डोके जड असायचे, कानांत आवाज यायचा आणि रात्री तळपायांची आग व्हायची. विचारले की उत्तर ठरलेले: ‘माले काही व्हत नही.’ पाण्याच्या स्पर्शाने सुटणारी खाज ही या आजाराची फार बोलकी खूण आहे, आणि ती त्वचेच्या मलमांनी जात नाही. डाव्या बरगडीखाली जडपणा वाटणे, थोडे जेवले तरी पोट भरल्यासारखे होणे हीसुद्धा एक खूण. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढल्यामुळे तसे होते. मी वैद्य नाही. पण एवढे नक्की सांगेन की ज्यांच्या सीबीसीमध्ये हिमोग्लोबिन पुरुषात १६.५च्या आणि स्त्रीत १६च्या वर पुन्हा पुन्हा येत असेल, त्यांनी त्याचे समाधान न मानता रक्तविकारतज्ज्ञांना, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टना, तो रिपोर्ट दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या आजाराच्या निदानाच्या मर्यादा खाली आणल्या आहेत, त्या याच.

रक्त दाट झाल्याने नेमके काय बिघडते, हे समजून घेतले की उपचाराचे सगळे कोडे उलगडते. आमच्याकडे केळीला ठिबक आहे. विद्राव्य खत प्रमाणात सोडले तर शेवटच्या ड्रीपरपर्यंत पोहोचते. घोळ दाट झाला की मुख्य पाइपात काहीच फरक जाणवत नाही, मात्र लॅटरलच्या टोकाकडची रोपे सुकू लागतात. शरीरातही पहिली झळ टोकाला बसते: मेंदूच्या बारीक वाहिन्यांना, डोळ्यांच्या पडद्याला, पायांच्या बोटांना. फ्रान्सच्या प्वाझय यांनी १८४०च्या दशकात नळीतल्या प्रवाहाचा जो नियम मांडला, त्यानुसार द्रवाचा दाटपणा दुप्पट झाला की तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्म्यावर येतो. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते आणि कित्येक केशवाहिन्या तिच्यापेक्षाही अरुंद असतात. प्रत्येक पेशीला मुडपून, दुमडून पलीकडे जावे लागते. शिवाय पीसीव्ही वाढेल तसा दाटपणा सारख्या प्रमाणात वाढत नाही. ४० वरून ४५ वर जाताना जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी मोठा फरक ५५ वरून ६० वर जाताना पडतो.

रक्ताचा आणखी एक गुण असा की वेगाने वाहताना ते पातळ असते आणि मंदावले की दाट होते, कारण संथ प्रवाहात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या रांगा बनतात. म्हणून गुठळ्यांचा धोका रोहिणीत तर असतोच, पण नीलांमध्ये, जिथे प्रवाह मुळातच मंद असतो, तो फार वाढतो: पायांच्या खोल नीला, यकृताच्या नीला, मेंदूतल्या नीला. तरुण माणसाचे पोट अचानक पाण्याने फुगले आणि दारूचा किंवा काविळीचा काही इतिहास नसला, तर यकृताच्या नीलेतली गुठळी शोधावी लागते आणि तिच्या मुळाशी पुष्कळदा हाच आजार निघतो. तांबड्या पेशी नळीच्या मध्यातून दाटीने वाहतात तेव्हा प्लेटलेट कडेला ढकलल्या जातात, वाहिनीच्या भिंतीशी त्यांचा संपर्क वाढतो. या आजारात त्यांची संख्याही अनेकदा जास्त असते. अशी सगळी कारणे एकमेकांत मिसळतात. जास्त पेशी म्हणजे जास्त प्राणवायू, हा समज इथे खोटा ठरतो. एकेका थेंबात प्राणवायू जास्त असतो हे खरे, पण थेंब पोहोचतच उशिरा असेल तर मेंदूला मिळणारा एकूण पुरवठा वाढत नाही. १९७०च्या दशकात लंडनमधल्या डॉक्टरांनी दाट रक्ताच्या रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला तेव्हा तो कमी आढळला, आणि रक्त काढून पीसीव्ही खाली आणल्यावर तो वाढला.

तेव्हा उपचार सरळ आहे: रक्त काढायचे. आबांचे पहिल्यांदा जळगावला काढले तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. रक्तदात्यासारखीच आरामखुर्ची, तीच जाड सुई, हातात दाबायला तोच रबरी चेंडू आणि खाली वजनकाट्यावर ठेवलेली पिशवी. फरक नळीत दिसला. रक्तदात्याची पिशवी पाच-सात मिनिटांत भरते. आबांचे रक्त नळीतून काळपट आणि अगदी हळू उतरत होते, मध्येच थांबत होते, आणि तंत्रज्ञ मुलगा नळी बोटांनी हलकेच चोळून ते पुढे सरकवत होता. दुसऱ्या हाताला सलाईन लावले होते, म्हणजे गेलेल्या रक्ताची जागा पाण्याने भरून निघते आणि रक्तदाब पडत नाही. एका वेळी साधारण ३५० ते ४५० मिलिलिटर काढतात; वय जास्त असेल किंवा हृदय अशक्त असेल तर २००-२५०वरच थांबतात. सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने, पीसीव्ही ४५च्या खाली आला की जेव्हा चढेल तेव्हा. काढलेले रक्त दुसऱ्या रुग्णाला दिले जात नाही, नष्ट करतात. आबांना याचेच सर्वांत वाईट वाटले. ‘इतकं रक्त कोणाच्या तरी कामी आलं असतं,’ असे ते त्या तंत्रज्ञाला दोनदा म्हणाले.

उपाशीपोटी जाऊ नये, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यावे, उठताना घाई करू नये, त्या दिवशी शेतात उन्हात जाऊ नये, एवढे पथ्य पुरते. रक्तमोक्षणासाठी जळवा लावण्याचा सल्ला आम्हाला एका परिचिताने मनापासून दिला होता. जळवेने निघणारे रक्त काही मिलिलिटरच असते. जिथे सुमारे अर्धा लिटर काढायचे आहे तिथे त्याचा उपयोग होत नाही, आणि ॲस्पिरिन चालू असलेल्या माणसाची ती जखम वाहत राहू शकते. लसूण, दालचिनी, लिंबूपाणी यांनीही तांबड्या पेशींची संख्या कमी होत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. रक्त काढल्यावर आठवडाभरात आमची फुई, म्हणजे आबांची धाकटी बहीण, अमळनेरहून आली. भावाचे एवढे रक्त काढले हे ऐकून तिचा जीव कासावीस झालेला. येताना तिने बीट, खजूर, काळा गूळ आणि मेडिकलमधून लोहाच्या टॉनिकची मोठी बाटली आणली होती. तिच्या मायेत काही खोट नव्हती आणि घरात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही, कारण रक्त गेले की ते भरून काढायचे हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलो आहोत. बाटली उघडण्याआधी आईने डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी ती परत करायला सांगितली.

त्यामागचे गणित असे आहे. तांबडी पेशी बनवायला मज्जेला लोह लागते. शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅमच असते आणि त्याचा मोठा भाग तांबड्या पेशींतच असतो. रक्ताच्या एका मोठ्या पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जाते, आणि रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅमच शोषते. म्हणजे काही वेळा रक्त काढल्यानंतर लोहाचा साठा संपत येतो. मज्जेची घाई तशीच असते, पण हाताशी कच्चा माल नसतो, म्हणून ती पेशी बनवू शकत नाही. लोहाची ही कमतरता मुद्दाम घडवलेली असते. उपचाराचा अर्धा गुण सुईत आहे आणि उरलेला अर्धा या कमतरतेत. अशा अवस्थेत लोहाची गोळी किंवा टॉनिक दिले की थांबलेली मज्जा पुन्हा जोमाने सुरू होते आणि दोन-तीन आठवड्यांत पीसीव्ही झपाट्याने वर जातो.

या बाबतीत घरच्यांपेक्षाही मोठा धोका अनोळखी दवाखान्यात असतो, असे माझे ठाम मत झाले आहे. लोह कमी पडले की तांबड्या पेशी आकाराने लहान होतात आणि सीबीसीमध्ये एमसीव्हीचा आकडा कमी म्हणून ठळक छापून येतो. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासले तर तेही तळाला असते. सर्दी-तापासाठी गेलेल्या रुग्णाचा असा रिपोर्ट पाहून कोणीही डॉक्टर लोहाची गोळी लिहील. रुग्णाचा आजार माहीत नसेल तर त्यात त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. म्हणून आबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: पॉलिसायथेमिया व्हेरा, लोह देऊ नये, पीसीव्ही ४५च्या खाली ठेवायचा आहे. ताटातल्या जेवणावर मात्र बंधन नाही. बीट, मेथी, बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी सगळे चालते. त्यातले लोह एवढे नसते की मज्जेला पुरेल. फुईचा खजूर आम्ही सर्वांनी खाल्ला, आबांनीसुद्धा. थकवा, केस गळणे, पायांची अस्वस्थता असा लोहाच्या कमतरतेचा त्रास फारच वाढला तर हिमॅटॉलॉजिस्ट स्वतःच्या देखरेखीखाली काही निर्णय घेतात, किंवा रक्त काढण्याऐवजी औषधाकडे वळतात. तो निर्णय त्यांचाच. लोह मज्जेपर्यंत पोहोचू न देण्याच्या याच तत्त्वावर रस्फरटाइड नावाचे, शरीरातल्या हेप्सिडिन संप्रेरकाची नक्कल करणारे इंजेक्शन तयार झाले असून त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रक्त काढण्याची गरज पुष्कळ कमी झालेली दिसली.

४५ हाच आकडा का, असा प्रश्न मलाही पडला होता, कारण ४८ किंवा ४९ हे तर निरोगी पुरुषाच्या मर्यादेतच बसते. याचे उत्तर इटलीतल्या एका चाचणीत आहे, जिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. पॉलिसायथेमिया व्हेराच्या ३६५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचा पीसीव्ही ४५च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा ४५ ते ५०च्या दरम्यान. पहिल्या गटात हृदयविकार-पक्षाघातासारख्या कारणाने मृत्यू किंवा मोठी गुठळी अशा घटना २.७ टक्के रुग्णांत घडल्या, दुसऱ्या गटात ९.८ टक्के रुग्णांत. तीन-चार टक्क्यांच्या पीसीव्हीने एवढा फरक पडतो. ‘थोडासाच वाढला आहे, पुढच्या महिन्यात बघू’ असे जेव्हा आबा म्हणतात, तेव्हा मी वाद न घालता हे दोन आकडे त्यांना ऐकवतो. हंगाम केळी कापणीचा असला तरी ऐकवतो.

रक्त काढण्याबरोबर ॲस्पिरिनची छोटी गोळी असते, रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या ५१८ रुग्णांच्या चाचणीत तिचा फायदा दिसून आला. पण ही गोळी रक्त पातळ करते असे जे सर्रास बोलले जाते, त्यामुळे एक घातक गैरसमज पसरतो: गोळी चालू आहे, मग रक्त कशाला काढायचे? ॲस्पिरिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, एवढेच तिचे काम. पीसीव्ही ५९ असेल तर गोळी घेऊनही तो ५९च राहतो आणि दाटपणाही तेवढाच राहतो. आबांच्या तळपायांची आग मात्र या गोळीने दोन दिवसांत थांबली, कारण ती आग बारीक वाहिन्यांत साचणाऱ्या प्लेटलेटमुळे होत होती. उलट प्लेटलेट दहा लाखांच्या वर गेल्या असतील तर ॲस्पिरिनने रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून ती मनाने सुरू करू नये.

ज्यांचे वय साठच्या वर आहे किंवा ज्यांना आधी गुठळी होऊन गेली आहे, त्यांना मज्जेचा वेग आवरणारे औषध द्यावे लागते. सर्वांत जास्त वापरले जाते ते हायड्रॉक्सीयुरिया. पूर्वी किरणोत्सारी फॉस्फरस आणि क्लोरॅम्ब्युसिल ही औषधे वापरत. त्यांनी रक्त आटोक्यात यायचे, पण पुढे ल्युकेमियाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि ती मागे पडली. हायड्रॉक्सीयुरिया घेताना दर काही आठवड्यांनी सीबीसी करावी लागते, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली जाता कामा नयेत. तोंड येणे, नखे काळवंडणे, घोट्याजवळ न भरणारी जखम होणे हे त्याचे दुष्परिणाम. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या पायाकडे रोज पाहावे लागते, ते आईने स्वतःकडे घेतले आहे. तरुण रुग्णांना आणि मूल हवे असलेल्या स्त्रियांना इंटरफेरॉन देतात. हायड्रॉक्सीयुरिया सोसले नाही तर रुक्सोलिटिनिब आहे. त्याने पाणथरी लहान होते आणि खाजही कमी होते.

हेच हायड्रॉक्सीयुरिया आमच्या सातपुड्याच्या पाड्यांवर वेगळ्याच कारणाने पोहोचले आहे. नंदुरबार, धुळे आणि आमच्या चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यातल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. तिथे पेशी जास्त नसतात, उलट कमीच असतात. पण प्राणवायू कमी झाला की त्या कडक होतात आणि केशवाहिनीतून दुमडून जाऊ शकत नाहीत. वाहिनी तुंबण्याचा परिणाम तोच, कारण निराळे. तिथे हे औषध गर्भातल्या बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढवून पेशींना कडक होण्यापासून वाचवते. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवतानाही हिमोग्लोबिन दहाच्या फार वर जाऊ देत नाहीत, कारण दाटपणा वाढून त्रास उलट बळावतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आहे. आदिवासी भागातल्या शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे.

वाढलेला प्रत्येक पीसीव्ही म्हणजे आबांचा आजार असे मात्र मुळीच समजू नये. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा अडवतो आणि शरीर तांबड्या पेशी वाढवून ती तूट भरून काढते. चुलीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या बायकांत आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या, घोरणाऱ्या माणसांत हेच घडते. तिथे उपचार मूळ कारणाचा: बिडी सोडणे, प्राणवायू देणे, झोपेत वापरायचे सीपॅप यंत्र. मधुमेहासाठी आता सर्रास दिल्या जाणाऱ्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्यांनीही पीसीव्ही थोडा चढतो. व्यायामशाळेतल्या मुलांनी टोचून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने बराच चढतो. जन्मापासून हृदयाला छिद्र असून ओठ निळे पडणाऱ्या रुग्णाचा पीसीव्ही ६०च्या वर असला तरी केवळ आकडा पाहून रक्त काढत नाहीत. त्याला त्या पेशींची गरज असते आणि लोह कमी झाले तर पक्षाघाताचा धोका वाढतो. काही आजारांत पेशी ठीक असतात आणि दाटपणा पेशींभोवतीच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात असतो. स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९४४ मध्ये वर्णन केलेल्या आजारात आयजीएम नावाचे मोठे प्रथिन एवढे वाढते की नाकातून रक्त येते, दृष्टी धूसर होते, डोळ्यांच्या नीला फुगलेल्या दिसतात. तिथे प्लाझ्माफेरेसिस करून यंत्राने फक्त प्लाझ्मा बदलतात. अशा रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी दिसते म्हणून आधीच रक्त चढवले तर दाटपणा आणखी वाढतो आणि जिवावर बेतू शकते.

खान्देशात राहणाऱ्यांसाठी उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास जातो, दिवसभर झळा लागतात आणि घामावाटे गेलेले पाणी प्लाझ्मातूनच वजा होते. पेशी तेवढ्याच राहतात, पण त्यांचे प्रमाण वाढते, म्हणून निरोगी माणसाचाही पीसीव्ही या दिवसांत थोडा चढलेला दिसू शकतो. ज्याचा तो आधीच काठावर आहे, त्याला तहान लागण्याची वाट पाहून चालत नाही. आबा आता सकाळी दहानंतर शेतात थांबत नाहीत, आणि बांधावरच्या कडुनिंबाला त्यांच्यासाठी वेगळी छागल टांगलेली असते. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर ओआरएस ताबडतोब सुरू करायचे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती त्या दिवसांत घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचे. मात्र पाण्याने भरून निघते ते फक्त गेलेले पाणी. वाढलेल्या पेशी कमी करायला सुईच लागते. तपासणीचे रक्त देतानाही काळजी घ्यावी: उन्हातून तडक लॅबमध्ये न जाता पाणी पिऊन थोडे बसावे, दंडाला पट्टा फार वेळ बांधू देऊ नये आणि शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये जावे, नाहीतर आकड्यांची तुलना फसवी ठरते.

एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, छातीत दुखणे, एका पायाला अचानक सूज येणे, पोटात असह्य कळा येणे यांपैकी काहीही झाले तर रक्त काढण्याच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबायचे नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि आमच्या गावाहून जळगाव गाठायलाच त्यातला बराच वेळ जातो. म्हणून गाडी कोणाची न्यायची, रात्री कोणाला उठवायचे, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले आहे.

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी हा आजार सांगणे तितकेच गरजेचे आहे, कारण अनियंत्रित पीसीव्ही असताना केलेल्या शस्त्रक्रियेत गुठळी आणि रक्तस्राव असे दोन्ही धोके वाढतात. गेल्या हिवाळ्यात आबांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. नेत्रतज्ज्ञांनी फाइलचे पहिले पान वाचून हिमॅटॉलॉजिस्टना फोन केला, आणि पीसीव्ही ४७ आल्याचे पाहून शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली. आबांचे एकदा रक्त काढले, पुढच्या तपासणीत आकडा ४३ आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यात मोतीबिंदू निघाला.